ओळखीचा शब्द

स्पेनहून परतल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "अल-हमरा पाहिलात का?" पाहिला. तिकीट बरेच दिवस आधी काढून ठेवावे लागते, राजवाड्यात शिरायची वेळही ठरवून दिलेली असते, आणि पाहून झाल्यावर मनात जे येते ते इतक्या जणांनी इतक्या सुंदर उर्दूत लिहून ठेवले आहे की त्यात भर घालण्याची आमची ऐपत नाही. इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले आणि कुर्तुब्याच्या मशिदीवर त्यांनी नज्म लिहिली. उर्दू शिकवणारा माणूस त्या देशात पाऊल ठेवतो तो ही नज्म डोक्यात घेऊनच. म्हणून या महिन्याचे पान अल-हमरावर नाही. त्याच्या समोरच्या टेकडीवर एका रात्री ऐकलेल्या गाण्यावर आहे.

आम्ही गेलो होतो कामाला. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलांना कसे शिकवावे यावर शिक्षकांचे आठ दिवसांचे प्रशिक्षण ग्रानादा शहरात होते. आपल्या उर्दू पुस्तकांतले गरनाता ते हेच. नोव्हेंबर महिना, दूर सिएरा नेवादाच्या शिखरांवर बर्फ, दिवसभर वर्ग. गुरुवारी तिथल्याच एका शाळेतल्या बाईंनी विचारले, "आज रात्री फ्लामेंको ऐकायला येता का?" पाहायला नव्हे, ऐकायला. हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता, हे नंतर कळले.

घरी फोनवर सांगितले तर अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाच असतो ना त्यात?" असतो. संगीताच्या बाबतीत आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत आणि काही वाचक हे पान इथेच उलटतील, याची आम्हाला जाणीव आहे. मसला सांगणे आमचे काम नाही, त्यासाठी जाणकार आहेत. आम्ही जे ऐकले आणि त्यापायी जे वाचले, तेवढे सांगतो.

अल्बाइसिन हा ग्रानादाचा जुना मोहल्ला. चढाच्या अरुंद गल्ल्या, पांढऱ्या भिंती, आणि वरच्या चौकातून समोर दिसणारा अल-हमरा. त्याच चौकाला लागून २००३ साली उघडलेली मशीद आहे. जवळपास पाचशे वर्षांनी त्या शहरात मशीद बांधली गेली ती ही. तिथे इशाची नमाज पढून आम्ही गल्ल्या उतरत त्या बाईंच्या मागोमाग एका पेन्यात पोहोचलो. पेन्या म्हणजे गाण्याच्या शौकिनांचे मंडळ. याच मोहल्ल्यातली ला प्लातेरिया ही पेन्या १९४९ सालची आहे. आम्ही गेलो ती तिच्याहून बरीच लहान. पर्यटकांसाठी जे रोजचे कार्यक्रम होतात त्या जागांना तब्लाओ म्हणतात. (आपल्या तबल्याशी याचा काही संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ताब्ला म्हणजे लाकडी फळी, आणि नाचणारे फळ्यांच्या मंचावर नाचतात म्हणून तब्लाओ.) पेन्यात ऐकणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि गाणाऱ्याला त्यांचीच भीती जास्त.

चुना फासलेली खोली, ठेंगणे छत, चाळीसेक खुर्च्या, माईक नाही. टेबलावर काय आले आणि आम्ही काय परत पाठवले ते सांगायला नको. संत्र्याचा रस आणि जैतून यांवर आमचे छान भागले. जैतूनला ते आसेइतुना म्हणतात. अरबीतले अल-जैतूना कानाला लगेच कळते.

मंचावर पाच माणसे. दोन गाणारे, एक गिटारवाला, एक नुसता टाळ्या वाजवणारा, आणि एक बाई भिंतीलगत खुर्चीवर बसलेली. गायक साठीचा असावा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. गिटार सुरू झाली तरी तो गाईना. घसा साफ केला, जमिनीकडे पाहिले. मग एक "आय" काढला. त्या "आय"ला अर्थ नसतो. आपल्या गझलेतल्या "हाय"सारखा तो उसासाच, पण त्याने तो ताणला, वळवला, मधेच मोडला, पुन्हा खालून उचलला. गळा गोड नव्हता. खरखरीत होता, काही जागी फाटत होता, आणि जिथे फाटला तिथेच लोकांनी दाद दिली. आपल्याकडे गायकाचा आवाज फाटला तर लोक शेजाऱ्याकडे पाहतात.

दाद म्हणजे खरोखर मुशायऱ्यातली दाद. "ओले", "एसो एस", कुणी नुसतेच गायकाला नावाने हाक मारणारे. या ललकाऱ्यांना ते हालेओ म्हणतात. पण त्या कधीही देऊन चालत नाहीत. ओळ जिथे उतरते, श्वास जिथे सुटतो, तिथेच. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका परदेशी जोडप्याने उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरला, तेव्हा मंचावरच्या टाळ्यावाल्याने न रागावता नुसता तळहात आडवा धरला. दोघे थांबले. टाळी हे तिथे वाद्य आहे. तळहात खोलगट करून मारली की दबका आवाज, बोटे तळव्यावर मारली की टणक आवाज. गायक हळू असेल तर दबकी, नाच आला की टणक. कव्वालीच्या टोळीत मागे बसून टाळ्या देणाऱ्यांना कमी लेखणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

पहिल्या गाण्याचा प्रकार होता सोलेआ. त्याचा ठेका बारा मात्रांचा. आपल्या संगीतातला एकतालही बारा मात्रांचाच, पण तो दोन-दोनच्या समान तुकड्यांत चालतो. सोलेआत जोर पडतो तो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. बाईंनी कानात सांगितले आणि आम्ही तस्बीहच्या सवयीने बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. अंगठा सोडला तर चार बोटांची पेरे बरोबर बारा होतात. पहिल्या दोन बोटांवर जोर शेवटच्या पेरावर येतो. तिसऱ्यावर तो मधल्या पेरावर सरकतो, आणि चौथ्यावर पहिल्या व शेवटच्या पेरावर. म्हणजे अर्धे आवर्तन तीन-तीनच्या चालीने आणि उरलेले दोन-दोनच्या चालीने. हे हाताला कळले आणि इतका वेळ अडखळल्यासारखे वाटणारे गाणे एकाएकी सरळ चालू लागले. वाचकांनी घरी करून पाहावे. मुलांना गणिताच्या तासालाही चालेल.

दुसरे गाणे गिटारशिवाय झाले. त्याला मार्तिनेते म्हणतात, मार्तिनेते म्हणजे हातोडा. लोहारांच्या भट्टीतले गाणे अशी त्याची ओळख. टाळ्या बंद, गिटार मांडीवर आडवी. त्या गाण्यात एक शब्द दोनदा आला आणि आमचे कान टवकारले. गाणे संपल्यावर बाईंना विचारले, हे "दुकेलास" काय? त्या म्हणाल्या, हा स्पॅनिश शब्द नव्हे, कालोतला आहे. कालो म्हणजे हितानो लोकांची बोली. अर्थ? त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पेनास. यातना."

आम्ही कागदी रुमालावर देवनागरीत लिहिले: दुक्‌. दुःख.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी काय होते ते भाषा शिकवणाऱ्यालाच विचारा. बाकीचा कार्यक्रम होईपर्यंत आम्ही त्यांना सतावत राहिलो. पाणी? "पान्यी." देव? "उन्देबेल." त्यातला "देबेल" म्हणजे देवच. कालो या नावाचा अर्थच काळा. स्पॅनिशमध्ये पोराला चावाल म्हणतात, तोही याच लोकांकडून आलेला, आपल्या छाव्याच्या कुळातला शब्द. मूळ भाषेचे व्याकरण केव्हाच गेले, आज कालो म्हणजे स्पॅनिश वाक्यांत टिकून राहिलेले शब्द आहेत. त्यातही दुःख टिकले, कारण ते गाण्यात होते.

हे हितानो म्हणजे युरोपात ज्यांना रोमा किंवा जिप्सी म्हणतात ते. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या वायव्य भागातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरूनच ओळखले गेले. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ सालची. लोकांना वाटले हे इजिप्तचे, म्हणून एहिप्तानो, त्याचे हितानो. १४९९ साली राजाज्ञा निघाली की भटकणे सोडा, धनी धरा, नाहीतर देश सोडा. १७४९ च्या जुलैत तर एकाच वेळी देशभर छापे घालून हजारो हितानो पकडले गेले. पुरुष आणि मोठी मुले आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला, बायका आणि लहान मुले वेगळ्या कोठड्यांत. पुरुष-बायका वेगळ्या ठेवल्या की पुढची पिढीच होणार नाही, असा सरळ हिशेब होता. उरलेल्यांची सुटका १७६० च्या दशकात झाली. लोहाराचे ते गाणे गिटारशिवाय का, यावर बरेच सांगितले जाते. आम्हाला वाटते, हातात हातोडा असला की गिटार कुठे धरणार!

आता आपल्याकडच्या एका आवडत्या विषयाकडे येतो. मोबाईलवर फिरणारा मजकूर सांगतो की फ्लामेंको हे मुळात मुसलमानांचे संगीत, "ओले" म्हणजे "अल्लाह", आणि फ्लामेंको हा शब्दही अरबी "फल्लाह"पासून, म्हणजे जमीन गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यावरून आला. निघण्यापूर्वी आम्हालाही तिघांनी तो पाठवला होता. ऐकायला बरे वाटते. पण स्पॅनिशमधल्या अरबी शब्दांचा ज्यांनी कोश केला ते फेडेरिको कोरिएन्ते "ओले"ला अरबी मानत नाहीत. "फल्लाह"ची कल्पना विसाव्या शतकात ब्लास इन्फान्ते यांनी मांडली आणि तिला पुरावा मिळालेला नाही. खरोखर अरबी असलेले शब्द स्पॅनिशमध्ये शेकड्यांनी आहेत, खोट्यांची गरज काय? साखरेला ते असूकार म्हणतात, उशीला आल्मोआदा. "असे होवो" म्हणायला ते दिवसातून दहा वेळा "ओहाला" म्हणतात, तो शब्द मात्र निःसंशय "अल्लाहने इच्छिले तर" या अरबी बोलाचा वारस आहे. गिटारचे नावही ग्रीकमधून अरबीच्या वाटेने आले. दुसऱ्या बाजूला आपलेच काही देशबांधव सांगतात की फ्लामेंको म्हणजे कथकची लेक. पायांचे काम सारखे दिसते, हे खरे. पण दिसण्यावरून सोयरीक ठरत नाही. ज्याला आज फ्लामेंको म्हणतात ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आंदालुसियातच घडले, हितानोंच्या आणि त्यांच्या शेजारच्या गरीब वस्त्यांत. त्यात कुणाकुणाचे काय मिसळले ते वेगळे काढणे अवघड आहे. मालकी सांगायला मात्र सगळे पुढे.

तरीही एक धागा आहे आणि तो त्याच शहरातला आहे. अल्बाइसिनच्या पुढे साक्रोमोन्ते नावाची टेकडी आहे. तिथे हितानो गुहांतल्या घरांत राहत आणि त्यांच्या लग्नातल्या गाण्या-नाचाला साम्ब्रा म्हणतात. हा शब्द अरबी आहे. ग्रानादाचे मुसलमान आपल्या लग्नसमारंभातल्या गाण्या-बजावण्याला हेच म्हणत.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा पडले तेव्हा तहात धर्माची मोकळीक दिली होती. दहा वर्षांच्या आत ती गेली आणि सर्वांना ख्रिस्ती व्हावे लागले. मग १५६७ च्या हुकुमाने अरबी बोलणे-लिहिणे, पेहराव, हमाम आणि साम्ब्रा यांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नून्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध गृहस्थाने सरकारदरबारी लेखी अर्ज केला. ते जुन्या मुसलमान घराण्यातले, आता नावाने ख्रिस्ती. त्यांचा युक्तिवाद आम्ही परत आल्यावर सावकाश वाचला. ते म्हणतात, साम्ब्रा हा धर्माचा विधी नाही, या मुलखाची रीत आहे. उलट पूर्वी आमचे धर्मज्ञ लग्नाला आले तरी वाजवणे सुरू होताच उठून जात. आणि याच शहराच्या आर्चबिशपच्या मिरवणुकीत हीच साम्ब्रा वाजत असे, तेव्हा तिला कुणी इस्लामी म्हटले नाही.

अम्मीला हे वाचून दाखवले. "म्हणजे तेव्हाही उठून जायचे?" एवढेच म्हणाली, पण हसली.

भाषेबद्दल त्यांनी जे लिहिले त्यापाशी आम्ही थांबलो. म्हाताऱ्या माणसांनी नवी भाषा कोणत्या वयात शिकायची? आणि अरबी बोलणारा मुसलमानच असतो असे कुणी सांगितले? माल्टाचे लोक ख्रिस्ती आहेत आणि अरबी बोलतात. पेहरावाचेही तसेच, स्पेनच्या प्रत्येक प्रांताचा पोशाख निराळा, तरी सगळे ख्रिस्ती. साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा अर्ज. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी उर्दूच्या वर्गात एखादा पालक विचारतो, "आमच्या मुलाचे मराठी बिघडणार नाही ना?" आणि मराठीच्या बदलीवर गेलो तर स्टाफरूममध्ये कुणीतरी कौतुकाने म्हणते, "तुमचे मराठी किती शुद्ध आहे हो!" या मासिकाच्या वाचकांना हे कौतुक ओळखीचे असेल. आजी-आजोबांपासून घरात मराठी असलेल्या माणसाने यावर काय म्हणायचे? आम्ही "शुक्रिया" म्हणतो.

नून्येस मुलेय यांचा अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी आल्पुहारासच्या डोंगरांत बंड उठले, ते मोडल्यावर ग्रानादाचे हे लोक देशभर विखुरले गेले आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख माणसे स्पेनमधून हद्दपार झाली. बहुतेक उत्तर आफ्रिकेत गेली. मागे त्यांच्या मोहल्ल्याचे नाव राहिले, आणि साम्ब्रा हा शब्द दुसऱ्याच बेघर लोकांच्या लग्नात. त्यांनी तो कुणाकडून उचलला, एकत्र वाजवताना की रिकाम्या घरांच्या शेजारी राहताना, हे कागदावर नाही.

नाचाविषयी सांगायचे राहिले. भिंतीलगतची बाई शेवटी उठली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, मानेपर्यंत बंद काळा पोशाख. चेहऱ्यावर हसू नव्हते, ते शेवटपर्यंत आले नाही. समोरच्यांना खूष करण्याचा तिचा काही विचार दिसला नाही. बराच वेळ तिने फक्त हात उचलले. मग टाचा. वेग वाढत गेला आणि ती एकदम थांबली, बाराव्या मात्रेवर, आणि गायकाकडे वळून उभी राहिली. तो गाऊ लागला की ती ऐकत उभी. तिने पाय हलवायचे ते त्याच्या ओळीला उत्तर म्हणून. बाईंनी "ऐकायला" का म्हटले होते ते तेव्हा उलगडले. आमच्या शेजारच्या आजोबांनी पूर्ण वेळ डोळे मिटलेले होते.

हे गाणे पूर्वी शिकलेल्या स्पॅनिश माणसाला लाजिरवाणे वाटे, दारूच्या गुत्त्यातली गोष्ट. १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी लोर्का यांनी मिळून या गाण्याची स्पर्धा भरवली, तीही अल-हमराच्या आवारात, आणि धंदेवाईक गायकांना मज्जाव केला. मोठी बक्षिसे गेली ती एल तेनासास नावाच्या सत्तरीच्या आसपासच्या म्हाताऱ्याला आणि एका बारा-तेरा वर्षांच्या पोराला. तो पोरगा पुढे मानोलो काराकोल म्हणून नावाजला. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला जगाच्या वारशाच्या यादीत घेतले. आता लाज गेली, तिकिटे आली.

ज्यांना घरबसल्या ऐकायचे असेल त्यांनी नाचाच्या चकचकीत चित्रफिती आधी लावू नयेत. पास्तोरा पावोन या हितानो बाई, गाण्यातले नाव ला निन्या दे लोस पेइनेस, म्हणजे कंगव्यांवाली पोर. जन्म १८९०. त्यांची ध्वनिमुद्रणे १९१० पासूनची आहेत आणि मोबाईलवर सहज सापडतात. त्यातली सोलेआ शोधा. आवाजात तव्याची खरखर आहे, पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त गिटार आणि एक "आय" असेल. मुलांना पेरे मोजायला बसवा, तीनवर, सहावर, आठवर. पहिल्या खेपेला चुकतात. आमच्या सातवीच्या वर्गात तिसऱ्या खेपेला निम्म्यांना जमले, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी, बरोबर जागेवर, "वाह" म्हणाले.